समुद्रातली आंघोळ

गणपतीच्या आरतीला टाळ कमी पडले की नेपरव्हिलच्या मंडळातली माणसं पद्मिनी निकमकडं बघत. तिच्या गाडीच्या डिकीत टाळांचे दोन-तीन जोड जास्तीचे असायचेच. कापूर संपला, वात विझली, कुणाच्या लेकराच्या झब्ब्याचं बटण तुटलं, सगळ्यावर इलाज तिच्या पर्समध्ये. बोलणं मात्र बेताचं. शाळा सगळी फलटणला, मराठीतून झालेली. इंग्रजी वाक्य आधी मनात एकदा म्हणून बघायची, मग तोंडातून काढायची. तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असे.

नवरा नरेंद्र सकाळची ट्रेन पकडून शिकागोला जाई. सॉफ्टवेअरचं काम. ऋषी नववीत, इशिता चौथीत. पद्मिनीचा दिवस रामरक्षेनं सुरू व्हायचा, मग डबे, मग बर्फ पडलं असलं तर फावडं घेऊन ड्राइव्हवे मोकळा करायचा. दिवसभर कुणासाठी तरी काहीतरी चालू असे आणि त्यात तिला बरं वाटे. स्वतःसाठी नुसतं बसायचं म्हटलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. नरेंद्र चिडवायचा, "हिला झोपाळ्यावर बसवलं तर ही झोपाळ्याच्या कड्या पुसत बसेल."

अशा बाईला नवऱ्यानं आणि मुलांनी मिळून कॅरिबियनमध्ये समुद्रावर न्यायचं ठरवलं, ते दोन हजार सहा सालच्या मार्चमध्ये.

ठरवलं होतं खरं तर दिवाळीतच. यांचं ग्रीन कार्ड अडकलेलं, पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना मुंबईच्या वकिलातीतून व्हिसाचं नवं स्टॅम्पिंग, आणि त्याची तारीख मिळायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. म्हणून नरेंद्रनं प्वेर्तो रिको शोधून काढलं. बेट कॅरिबियन, समुद्र, नारळीची झाडं, पण देश अमेरिकाच. पासपोर्टला हात लावायला नको. "घरातल्या घरात परदेश," तो म्हणाला. विमानाची तिकिटं काढली, हॉटेल ठरलं, आणि एका दिवशी सकाळपुरते तिथल्या एका बीच क्लबचे पास. त्यात खुर्ची, छत्री, टॉवेल, जेवण, सगळं आलं.

पद्मिनी कुरकुरली नाही. पण 'क्लब' या शब्दावर मात्र अडली. फलटणला क्लब म्हणजे पत्ते कुटायची जागा. "तिथं आपल्यासारखी माणसं जातात ना?" तिनं विचारलं.

"आई, इट्स जस्ट चेअर्स," ऋषी म्हणाला.

निघायच्या आठवड्यात फलटणहून बातमी आली की आईला दवाखान्यात हलवलंय. आई दोन वर्षं तशी खाटेवरच होती. खुबा मोडल्यापासून काठी धरून न्हाणीघरापर्यंत आणि परत, एवढंच चालणं. आता छातीत कफ भरला, न्यूमोनिया झाला. धाकटी बहीण कांचन गावातच दिलेली, शाळेत मास्तरीण. शाळा, घर आणि आई, अशी तिची तिन्हीकडं धावपळ. पद्मिनी दर रविवारी कॉलिंग कार्डावरून फोन करायची आणि दर रविवारी म्हणायची, "मी येते गं. जरा हे स्टॅम्पिंगचं मार्गी लागू दे." दोन वर्षं हेच.

या वेळी कांचनचा आवाजच निराळा होता. "ताई, नाकात नळी, हातात सुई, हात बांधून ठेवलेत, ती उपटते म्हणून. मला बघवत नाही गं. देवानं यातून सोडवावं हिला असं वाटायला लागलंय."

"असं बोलू नये, कांचन."

"तू बघत नाहीस ना, म्हणून."

हे पद्मिनीला लागलं. फोन ठेवल्यावर तिनं पुसलेला ओटा पुन्हा पुसला. नरेंद्रनं विचारलं, "कॅन्सल करू? तू इंडियाला जा. स्टॅम्पिंगचं काय व्हायचं ते होईल. मुलांना मी बघतो." त्यानं मनापासून विचारलं होतं. जा म्हणणारा माणूस समोर होता. आणि पद्मिनीच म्हणाली, "मुलांचा हिरमोड होईल हो. डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. आल्यावर बघू."

का म्हणाली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. भीती वाटत होती. तिथं जाऊन ती नळी, ते बांधलेले हात बघायची. इथं राहून फोनवर ऐकणं सोपं होतं.

त्यावर कडी म्हणजे तिनं कांचनला खोटं सांगितलं. "नरेंद्रची कॉन्फरन्स आहे, आम्हालाही जावं लागतंय, पाच दिवस." एका दमात. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोलतं तेव्हा फार नीट बोलतं. कांचन म्हणाली, "जा की. सेलफोनचा नंबर दे फक्त." त्या संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना पद्मिनीनं रामाच्या तसबिरीकडं बघितलं नाही.

बीच क्लब म्हणजे पत्त्यांचा अड्डा नव्हता. पांढऱ्या कापडाच्या छत्र्या, त्यांच्याखाली लांब, पाय पसरायच्या खुर्च्या, आणि पुढं समुद्र. असा निळा की इशितानं चित्रात रंगवला असता तर पद्मिनी म्हणाली असती, खरा रंग दे गं. दारातच मनगटाला केशरी कागदी पट्टा बांधला. टॉवेल देणारी एक जाडजूड, हसरी, पन्नाशीची बाई होती. तिनं पद्मिनीच्या हातात टॉवेल ठेवले आणि म्हणाली, "फॉर यू, मामी."

पद्मिनी चमकली. "ही मला मामी का म्हणते?"

इशिता खिदळली. "आई, ते स्पॅनिशमध्ये म्हणतात. लाइक, डिअर."

"मला वाटलं हिचा मामा कुठं आपल्याकडं आहे की काय," नरेंद्र म्हणाला. त्या दिवसापुरतं मग सगळ्यांनी तिला मामीच केलं. "मामी, सनस्क्रीन." "मामी, चपला कुठायत?"

मुलं आणि नरेंद्र पाण्यात पळाले. पद्मिनी पंजाबी ड्रेस घालून, केसांचा घट्ट अंबाडा घालून खुर्चीवर बसली, पाय मात्र खाली सोडून. पाय वर घेऊन पसरायचे तिला जमेना. एक पोरगा येऊन नारळपाणी ठेवून गेला, त्यात छोटी कागदी छत्री खोचलेली. ही छत्री इशूला द्यावी म्हणून तिनं ती पुसून पर्समध्ये ठेवली.

"मॉम, कम इन!" इशिता ओरडली.

"नको गं, मी इथंच बरी."

समुद्राशी तिचं जुनंच वाकडं होतं. लहानपणी एकदाच, वडील असताना, एसटीनं सगळे गणपतीपुळ्याला गेले होते. फलटणच्या माणसाला पाणी म्हणजे कालव्याचं. पद्मिनीनं पहिली लाट बघितली आणि भोकाड पसरलं. दिवसभर आईच्या मांडीवरून उतरली नाही. वडील कांचनला घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेले, मावशी गेली, सगळे गेले. आई वाळूत बसून राहिली, घाबरट पोरीला धरून. परत निघताना एसटीत आई म्हणाली होती, "पाय तरी भिजवायला हवे होते मी." बस, एवढंच. पुन्हा कधी समुद्राचं नाव निघालं नाही, आणि पुन्हा कधी जाणंही झालं नाही.

नारळपाणी पिता पिता पद्मिनीला हे आठवलं आणि तिनं ग्लास खाली ठेवला. मग वाऱ्यानं म्हणा, रात्री झोप नव्हती म्हणून म्हणा, तिचे पाय आपोआप वर आले. पाठ टेकली. डोळे मिटले. कुणी हाक मारत नव्हतं, काही उतू जात नव्हतं. कित्येक वर्षांत अशी ती पसरली नव्हती. लाटेचा आवाज येत राहिला आणि तिला खरंच गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं. वेळ बघायला तिनं पिशवीतून फोन काढला. मिस्ड कॉल होता, लांबलचक नंबराचा. व्हॉइसमेल होता.

कांचन स्वतःहून कधी फोन करत नसे. दोन वर्षांत एकदाही नाही. फोन कानाला लावला तर मागं बाजाराचा कलकलाट, एसटीडी बूथ असणार, आणि मध्ये मध्ये नुसती खरखर.

"ताई, कांचन बोलते. अगं, आई..." खरखर. "...सुटली गं एकदाची. आत्ता संध्याकाळी..." खरखर. "...घरी आणलंय. काका, मामी, गल्लीतले, सगळे जमलेत. घर भरलंय नुसतं. चेहरा इतका शांत वाटतोय..." पुन्हा खरखर. "...तू कामात असशील, काळजी करू नको. आता काही घाई नाही."

आणि टूं.

तिनं पुन्हा ऐकला. शब्द तेच.

त्यानंतर जे झालं ते पद्मिनीनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. जड पिशवी ओट्यावर ठेवल्यावर येतात, तसे. दोन वर्षं छातीवर एक प्रश्न बसला होता, जायचं का, कधी जायचं, कसं जायचं, आणि तो एकदम उठून गेला. आता जायला नको. आता ती नळी बघायला नको. आई सुटली, आणि आईबरोबर मीही सुटले, असं काहीतरी तिच्या मनात आलं. शब्दांत नाही आलं, पण आलं.

आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची अशी शिसारी आली की ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. हातात केशरी पट्टा. तोंडात अजून नारळाची गोडी. आईचा प्राण जात होता तेव्हा मी झोपले होते, पाय पसरून, समुद्रावर. बहिणीला कॉन्फरन्स सांगून.

फोन करावा तर कॉलिंग कार्ड हॉटेलच्या खोलीत, आणि त्याशिवाय या फोनवरून इंडिया लागत नसे. नरेंद्रला हाक मारावी म्हणून तिनं बघितलं. तो ऋषीला खांद्यावरून पाण्यात फेकत होता, दोघंही खदखदून हसत होते. तिच्या तोंडून हाक निघेना.

मग तिला काय करायचं ते कळलं. खरं तर तिच्या अंगालाच कळलं. लहानपणी घरात असं कुणी गेल्याचं कार्ड आलं की आई ते वाचून उंबऱ्याबाहेरच ठेवायची, अंबाडा सोडायची, आणि न्हाणीत जाऊन नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी ओतायची. सचैल. बातमी ऐकल्यावर आधी आंघोळ, मग बाकीचं. लेकीला सुतक तीन दिवसांचं, पण आंघोळ लगेच.

पद्मिनीनं अंबाड्याचे आकडे काढून पर्सच्या कप्प्यात ठेवले. केस सोडले. आणि कपड्यांनिशी, दुपट्ट्यासकट, ती समुद्राकडं चालायला लागली.

पाणी पायांना लागलं तेव्हा तिला भीती वाटली नाही. लाट गुडघ्यावर आली, कमरेवर आली. सूर्य सकाळी डाव्या हाताला... नाही, उजव्या हाताला उगवला होता, म्हणजे समुद्र उत्तरेला, म्हणजे दक्षिण मागं, किनाऱ्याकडं. ती वळली. किनाऱ्याकडं तोंड करून तिनं नाक धरलं, डोळे मिटले, "श्रीराम जयराम" म्हणत एक बुडी मारली. दुसरी. तिसरी. मग ओंजळीत पाणी घेतलं आणि आईचं नाव घेऊन सोडलं. खारट पाणी की डोळ्यांतलं, ते आता कुणाला कळणार नव्हतं.

"ओ माय गॉड! मॉम इज इन! डॅड, लुक!"

टाळ्या. खऱ्याच टाळ्या. इशिता नाचत होती. ऋषी किनाऱ्याकडं धावला, बॅगेतून कॅमेरा काढला आणि फोटो काढला. नरेंद्र दोन्ही हात वर करून ओरडला, "मामी झिंदाबाद!" शेजारच्या छत्रीखालच्या गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्यानंही हसून हात हलवला. पद्मिनी ओंजळ तशीच धरून उभी होती, आणि एवढ्या सगळ्यांच्या आनंदात आपण काय करतोय हे सांगायला तिला तोंड नव्हतं.

बाहेर आली तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं. टॉवेलवाल्या बाईनं तिचा चेहरा बघितला मात्र, तिचं हसू गेलं. तिनं एक कोरडा टॉवेल पद्मिनीच्या खांद्यांवर टाकला. "आय, मामी," एवढंच म्हणाली.

नरेंद्र जवळ आला. "अगं, काय झालं?"

"आई गेली."

तो तसाच ओला उभा राहिला. "कधी? कुणी सांगितलं?"

तिनं फोन पुढं केला. त्यानं ऐकलं. त्यालाही तेच ऐकू आलं, दुसरं काय येणार. फोन बंद करून त्यानं हात जोडले. मग हळूच म्हणाला, "तू एकटीच गेलीस पाण्यात. मला हाक मारायची नाही का?"

"तुम्ही हसत होता," ती म्हणाली.

सामान कोंबून, जेवण तसंच सोडून, टॅक्सी करून ते हॉटेलवर आले. रस्ताभर इशितानं आईचा ओला हात धरून ठेवला होता. ऋषी म्हणाला, "सॉरी, आई. मी फोटो डिलीट करतो." ती म्हणाली, "असू दे रे."

खोलीत जाऊन ओल्या कपड्यांनीच तिनं कार्डावरचे आकडे दाबले. फलटणला रात्र झाली असणार. घंटी वाजली, वाजली, आणि कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो."

आवाज बारीक होता, घशात अडकत होता. पण तो आवाज पद्मिनी कुठंही ओळखली असती.

"हॅलो? कोण बोलतंय? पद्मी का?"

पद्मिनीच्या हातून फोन सुटला तो पलंगावर पडला. नरेंद्रनं उचलून परत तिच्या हातात दिला.

"आई?"

"मग कोण? फोन माझ्या उशाशीच ठेवलाय आता. कांचन म्हणली, तुझा फोन येईल. सुटले बाई एकदाची त्या दवाखान्यातनं. हात बांधून ठेवायचे गं मला, चोरासारखे. आज डॉक्टर म्हणाले, जा घरी. अख्खी गल्ली बघायला आली. चहा करून करून कांचनचे हात गेले."

पद्मिनीला पलंगाची कड सापडली. ती खाली बसली. नरेंद्र बघत होता. तिनं मान हलवली, आहे, आहे, अशी. त्यानं भिंतीला डोकं टेकलं.

"रडतीस काय?" आई म्हणाली. "बरी आहे मी. खोकला आहे अजून. ते जाऊ दे. गेलीस का समुद्रावर?"

पद्मिनीला वाटलं आपल्याला ऐकू नीट आलं नाही. "काय?"

"इशू म्हणली होती मला फोनवर. आजी, बीचवर जाणार आहोत म्हणून. किती खूष होती पोर. कांचनला काही बोलले नाही मी. ती दमलेली आहे, तिला उगाच वाटायचं काहीतरी." जरा धाप लागली, मग पुन्हा आवाज आला. "पाण्यात गेलीस का? का बसलीस घाबरटासारखी वाळूत?"

"गेले, आई."

"खरं?"

"गेले. पार बुडाले."

"शाब्बास," आई म्हणाली. इतक्या समाधानानं म्हणाली की पद्मिनीला फोन कानाला धरवेना. "पाणी कसं होतं?"

"खारट," पद्मिनी म्हणाली.

आई हसली आणि हसता हसता खोकायला लागली. कांचननं फोन घेतला. पद्मिनीनं तिला सांगितलं नाही की मला वेगळंच ऐकू आलं. म्हणाली, "मेसेज तुटक होता गं." कांचन म्हणाली, "बूथवरनं केला ना. बरं, कॉन्फरन्स झाली का नवऱ्याची?" आणि पद्मिनी म्हणाली, "कांचन, मी येते. महिन्याभरात."

"दर रविवारी येतेसच की," कांचन म्हणाली.

नरेंद्रनं त्याच संध्याकाळी हॉटेलच्या कॉम्प्युटरवरून तिकीट बघितलं. "स्टॅम्पिंगला तारीख लांबची मिळाली तर?" तो म्हणाला.

"तर तेवढे दिवस राहीन."

एप्रिलच्या सुरुवातीला ती फलटणला पोचली. उन्हानं सगळं करपलेलं. आई खाटेवर उशांना टेकून बसली होती, आधीच्या आईच्या निम्मी. हातांवर सुयांचे काळे-निळे डाग. जे बघायची पद्मिनीला भीती होती ते सगळं होतं, आणि बघायला ते तितकं कठीण नव्हतं. हे कळल्यावर तिला जास्तच वाईट वाटलं.

इशितानं आजीसाठी पाकीट दिलं होतं. "आजीलाच दे. डोन्ट ओपन इट." आईनं चष्मा लावून पाकीट फोडलं तर आत कागदी छत्री होती, नारळातली, आणि तो फोटो, मोठा करून घेतलेला.

कांचननं वाकून बघितलं. निळं पाणी, मागं एक होडी, आणि मध्ये चिंब भिजलेली ताई. "अस्सं! ही कॉन्फरन्स होय? बराच ओला हॉल होता म्हणायचा."

"कांचन, मी..."

"राहू दे. मलाही एक दिवस न्या तुमच्या कॉन्फरन्सला." ती हसत होती, पण पुढं दोन दिवस पद्मिनीशी कामापुरतंच बोलली. ते बरोबरच होतं, असं पद्मिनीला वाटलं.

आईनं मात्र फोटो खाली ठेवला नाही. येईल त्याला दाखवायची. "माझी पद्मी. समुद्रात. लहानपणी लाट बघून मांडीवर चढायची." समोरच्या काकू, दूधवाला, डॉक्टरांचा कंपाउंडर, सगळ्यांनी तो बघितला. प्रत्येक वेळी पद्मिनी काहीतरी काम काढून आत जायची.

रोज सकाळी आईला आंघोळ घालायचं काम आता तिचं होतं. न्हाणीत पाट, पाटावर आई, आणि तांब्यानं बेतानं पाणी. चौथ्या का पाचव्या दिवशी, पाठीवरून पाणी सोडताना आई मान खाली घालून म्हणाली, "पद्मे, त्या फोटोत केस का गं सोडलेत तू?"

तांब्या जागीच थांबला.

"बाहेर कधी केस सोडत नाहीस. अन् डोळे मिटून, हातात ओंजळ. पोहायला गेलेलं माणूस काय असं उभं राहतं? मी रात्री बघत होते. कुणाची आंघोळ केलीस ती?"

पद्मिनीनं तांब्या बादलीत ठेवला. मग सांगितलं. खरखर, सुटली, घरी आणलंय, चेहरा शांत, सगळं. आई ऐकत होती. मग तिची ओली पाठ हलायला लागली. पद्मिनीला वाटलं रडतेय, म्हणून पुढं येऊन बघितलं तर आई हसत होती, आवाज न करता, बोळक्या तोंडानं.

"म्हणजे माझी आंघोळ! अगं, आयुष्य वाढवलंस की माझं. अन् सगळ्या गल्लीला मी दाखवत सुटलेय, माझी पद्मी बघा कशी मजा करतीय."

"आई, नको ना."

"कांचनला सांगू नको. ती मास्तरीण आहे, त्या निरोपावरनं तुला व्याकरण शिकवत बसेल." आईनं तोंडावरून हात फिरवला. हसू ओसरलं. "मग? ऐकल्यावर पहिल्यांदा काय वाटलं गं?"

खिडकीतून आलेलं ऊन न्हाणीच्या फरशीवर पडलं होतं. बादलीतल्या पाण्यावर वाफ होती. पद्मिनीला तिथं, तेव्हा, सांगता आलं असतं. इथवर आली होती ती खरं तर त्यासाठीच. खांदे खाली आले आई, जड पिशवी ठेवल्यासारखे, एवढंच वाक्य होतं. तिनं ते मनात एकदा म्हणून बघितलं.

"रडू आलं," ती म्हणाली.

आईनं वळून तिच्याकडं बघितलं. इशूचं बीचवर जाणं कांचनला कळू न देता पोटात ठेवलेली बाई ती.

"हं," म्हणाली. मग पाटावर सरळ बसली आणि डोळे मिटून मान खाली घातली. "घाल. डोक्यावरनं घाल आज. बेतानं."

पद्मिनीनं तांब्या भरला. कोपर बुडवून पाणी फार कढत नाही ना ते बघितलं, आणि आईच्या पांढऱ्या केसांवरून हळूहळू सोडलं.